घरकुलात चूल कुठे आहे?

गरिबाला घर द्यायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, एक छप्पर आणि भिंतीवर रंगवलेलं योजनेचं नाव येतं. 'ऊब' हा शब्द कुठेच येत नाही. महाराष्ट्र म्हणजे उन्हाचा मुलूख, इथे कसली आलीय घर गरम ठेवायची भानगड, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. मला नेमकं उलटं वाटतं. आमच्या नसरापूरपासून पश्चिमेला वेल्ह्याकडे जसजसं जावं, तसतशी ऊब ही घराची पहिली गरज होत जाते. आणि सरकारी घरकुलात नेमकी तीच राहून गेली आहे. आज जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात दुसऱ्यांच्या देशापासून करतो. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. २०२४ च्या हिवाळ्यात तिच्याकडे एकच चर्चा होती. तिथे १९९७ पासून वयस्क लोकांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी सरकार पैसे देतं, अलीकडे घरटी २०० ते ३०० पौंड. २०२४ मध्ये नव्या सरकारने ही मदत फक्त अगदी गरीब पेन्शनरांपुरती ठेवली आणि देशभर असा गदारोळ उठला, की २०२५ मध्ये सरकारला माघार घेऊन वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ती पुन्हा द्यावी लागली. अमेरिकेतही १९८१ पासून गरीब घरांना अशा बिलासाठी केंद्र सरकारची मदत मिळते. इंग्रजांनी तर याला 'इंधन-गरिबी' असं वेगळं नावच दिलंय. माणूस एरवी खाऊनपिऊन असेल, पण घर उबदार ठेवायला त्याच्या मिळकतीचा दहावा हिस्सा जात असेल तर तो इंधनाने गरीब, असा साधारण हिशेब तिथे बरीच वर्षं चालला.

बहीण म्हणाली, "तुमचं बरं आहे बाबा, तुम्हाला हीटर लागत नाही."

हीटर लागत नाही हे खरं. पण ऊब लागत नाही हे खरं नाही.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूर. बनेश्वरला सहलीला आलेले लोक इथूनच परत जातात. पण रस्ता पुढे जातो, विंझर, मार्गासनी करत वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हेच येतं.) त्या पलीकडे घाटमाथा. खाली भोर तालुक्यातही भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या मागच्या खोऱ्यांत तीच तऱ्हा. इथे जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. अंगावरचा कपडा वाळत नाही, अंथरूण ओलसर, भिंतींना बुरशी, सरपण भिजलेलं. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत डोंगरावरून उतरणारी थंडी. पुण्यातच १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर उतरल्याची नोंद आहे, तर उघड्या पठारावरच्या धनगरवाड्यात पहाटे काय होत असेल याची कल्पना करा. ही थंडी बर्फाची नाही, पण ओलीची आहे. आणि ओल म्हाताऱ्या माणसाच्या आणि तान्ह्या मुलाच्या छातीत आधी शिरते.

आता या भागातलं जुनं घर कसं होतं? कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा लेप, वर गवताचं छप्पर किंवा कौलं. आणि आत मधोमध किंवा कोपऱ्यात चूल. ही चूल फक्त भाकरी भाजायची नाही. तिच्यावर माळा असायचा, त्यावर पुढच्या वर्षीचं बियाणं, कांदे, सुकट, पावसाळ्याचं सरपण. चुलीची धग वर जाऊन हे सगळं कोरडं ठेवायची. धुराने गवतातली कीड मरायची. ओले कपडे चुलीभोवती वाळायचे. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकला की म्हातारी माणसं त्याच्या शेजारी घोंगडी टाकून निजायची. म्हणजे स्वयंपाकघर, धान्याचं कोठार, कपडे वाळवायची जागा आणि घर गरम ठेवायची सोय, हे सगळं एका चुलीत.

याचा अर्थ जुनं घर चांगलं होतं असा अजिबात नाही. दरवर्षी कूड लिंपा, दर दोन वर्षांनी छप्पर शाकारा, साप-विंचू, आग लागायची भीती, आणि तो धूर! माझी आजी नसरापूरच्या घरात चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. शेवटची दहा वर्षं तिचा खोकला आम्ही घड्याळासारखा ऐकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या चुलीच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसं दगावली. तेव्हा चुलीवरच्या भाकरीचं कौतुक हॉटेलात बसून करणाऱ्यांपैकी मी नाही.

म्हणूनच घरकुल योजना मला मनापासून पटते. इंदिरा आवास योजना १९८५-८६ पासून होती, तिचीच २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण झाली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. शिवाय शौचालयासाठी १२ हजार आणि रोजगार हमीतून ९०-९५ दिवसांची मजुरी, अशी ती रचना. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. पूर्वी ते २० चौरस मीटर होतं. घर शक्यतो बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर, हे तर फारच उत्तम. आपल्या राज्याच्या वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने आदिम जमातींसाठी पीएम-जनमन आणली. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात येतात, आणि तिथे घरासाठी २ लाख मिळतात. भोर-वेल्ह्यातल्या कातकरी वस्त्यांसाठी ही मोठीच गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर झोपडी टाकून राहिलेली ही माणसं.

मग तक्रार काय आहे?

तक्रार ही की घरकुलाचे हप्ते पाया, चौकट, छप्पर अशा टप्प्यांवर मिळतात. प्रत्येक टप्प्याचा फोटो ठिकाणासकट मोबाइलवरून वर चढवावा लागतो. हे भ्रष्टाचार रोखायला चांगलंच. पण जे फोटोत दिसतं तेवढंच बांधलं जातं. ऊब फोटोत दिसत नाही. पैसे संपत येतात तेव्हा वर पत्रा पडतो, भिंतींना आतून गिलावा राहून जातो आणि चुलीला जागाच उरत नाही. पत्र्याचं घर दिवसा तापतं आणि रात्री बाहेरच्याइतकंच गार पडतं. थंडीत पहाटे आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब अंथरुणावर पडते. आणि पावसाळ्यात त्या पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही.

आमच्या आत्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं माहेर वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या भावाला घरकुल मिळालं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. स्वच्छ, निळा रंग दिलेलं, दाराला तोरण. त्याच्याच मागे जुन्या घराचा एक कुडाचा कोपरा तसाच ठेवलेला, वर प्लास्टिकचा कागद, आत चूल. मावशींची ऐंशीच्या घरातली आई रात्री तिथे निजते. मी विचारलं, "आजी, नवीन घरात का नाही निजत?" त्या म्हणाल्या, "घर लई झ्याक हाय रं. पन रातच्याला हाडं गारठत्यात. हितं इस्तू असतो."

भाऊ बिचारा ओशाळला. लोक म्हणतात, आईला बाहेर ठेवलंय! खरं तर म्हातारी स्वतःच ऊब शोधत बाहेर गेली आहे. सरकारी कागदावर हे कुटुंब पक्क्या घरात राहतं. चुकीचं काही नाही त्यात. फक्त घरातली सगळ्यात अशक्त व्यक्ती प्लास्टिकच्या कागदाखाली झोपते, एवढंच.

"पण आता गॅस आलाय ना?" हा पुढचा प्रश्न. आलाय. उज्ज्वला १ मे २०१६ ला सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ३०० रुपयांचं अनुदान आहे, २०२५-२६ साठी वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत. राज्याने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजना काढून पात्र बहिणींना वर्षाला ३ सिलिंडर मोफत द्यायचं ठरवलं. बाईचा धूर कमी झाला, सरपणाच्या मोळ्या कमी झाल्या, याचं मोल पुरुषांनी लिहिलेल्या लेखांतून कळणार नाही. पण गॅसवर चहा होतो, भात होतो, ऊब होत नाही. गॅस पेटवून कोणी कपडे वाळवत नाही की शेजारी निजत नाही. म्हणून डोंगरातल्या घरात गॅस आला तरी चूल जात नाही. ती पडवीत जाते, मागच्या आडोशाला जाते, आणि बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत जळते. कुडाच्या घरात धुराला छपरातून, फटींतून वाट तरी होती. सिमेंटच्या बंद खोलीत कोणी पावसाळ्यात तीच चूल पेटवली, की वाटच नाही.

यावर मला दोन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं आमच्या मामांचं: "फुकट घर मिळालं, वर ऊब पण हवी का?" मामा, तुम्ही निवृत्तीनंतर कोथरूडच्या फ्लॅटला पश्चिमेची भिंत ओल धरते म्हणून वॉटरप्रूफिंगला किती खर्च केला, आठवतंय ना? ओल तुम्हाला सोसत नाही, तर ती वेल्ह्याच्या म्हातारीला का सोसावी? दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. पैसा मर्यादित आहे, अजून कितीतरी लोकांच्या डोक्यावर छप्परच नाही, मग एकाच घरात जास्त खर्च करण्यापेक्षा दोन घरं जास्त द्या. हे खोडून काढणं सोपं नाही. विशेषतः ज्याच्या नावावर जागाच नाही त्याला तर घरकुल मंजूर होऊनही मिळत नाही. जागा घ्यायला राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, तरी रस्त्यालगत फार्महाऊसचे भाव लागलेल्या या पट्ट्यात त्या पैशात गुंठा कोण देणार?

पण मी मागतोय ते काही फार महाग नाही. धूर नळीवाटे बाहेर काढणारी सुधारित चूल ही काही नवी कल्पना नाही. १९८३-८४ ते २००२ असा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात चालला, आणि पुण्याच्या 'आरती' संस्थेने धुराड्याची लक्ष्मी चूल घडवली. त्या कार्यक्रमातल्या बऱ्याच चुली पुढे मोडल्या, धुराडी तुंबली, कारण चूल बसवून देणारा पुन्हा फिरकलाच नाही. आता तर घरच नव्याने बांधतोय. भिंत उभी राहतानाच धुराडं काढलं तर त्याला कितीसा खर्च? केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने वेगवेगळ्या राज्यांतल्या हवामानाला साजेशा घरांचे नमुने 'पहल' या संग्रहात छापलेसुद्धा आहेत. म्हणजे दिल्लीलाही कळतं की सगळीकडे एकच घर चालत नाही. ते ज्ञान गावातल्या गवंड्यापर्यंत पोचायचं राहिलंय. २०२५ मध्ये आपल्या राज्याने घरकुलासाठी ५० हजारांची भर घालायचं ठरवलं आणि त्यातला काही भाग छपरावरच्या सौर विजेसाठी ठेवला. सूर्यासाठी पैसे निघू शकतात, तर जिथे दोन महिने सूर्य दिसत नाही तिथे विस्तवासाठी का निघू नयेत?

माझ्या मागण्या चारच. घाटमाथ्याच्या गावांत घरकुलाला धुराड्याची चूल आणि तिच्यावर माळा असावा, आणि शेवटचा फोटो त्याचाही लागावा. पत्रा असेल तर खाली बांबूच्या तट्ट्याचं किंवा फळ्यांचं आढं असावं. मोफत सिलिंडरांतला एक पावसाच्या तोंडावर, रस्ता बंद व्हायच्या आत पोचावा. आणि घरकुलाच्या यादीवर ग्रामसभेत बोलताना घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल कुठे निजणार, एवढं विचारलं जावं.

शेवटच्या मागणीला तर सरकारही लागत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांची नावं अजून गावच्या मतदारयादीत आहेत, आणि आपण जत्रेला न चुकता जातो. ग्रामसभेलाही एकदा जाऊन येऊ.