उचलीची बेडी आणि कलम 23

अमेरिकेच्या राज्यघटनेचे गोडवे गाणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. तेथे कायदेमंडळ, अध्यक्ष आणि न्यायालय परस्परांवर लगाम ठेवतात आणि 1791 च्या पहिल्या दहा दुरुस्त्यांनी नागरिकाला भाषणाचे, धर्माचे व रीतसर खटल्याचे हक्क दिले, हे खरेच आहे. परंतु 1787 च्या त्याच मूळ दस्तऐवजात पळून गेलेला गुलाम मालकाच्या स्वाधीन करण्याचेही कलम होते. 'आम्ही लोक' या शब्दांनी आरंभ होणाऱ्या घटनेत शेतावर राबणारा काळा माणूस लोकांत जमा नव्हता. तो जमा होण्यासाठी यादवी युद्ध व्हावे लागले आणि 1865 मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी व सक्तीची मजुरी यांवर बंदी आली. बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्याला त्या देशाकडून काही शिकावयाचे असेल, तर या बंदीनंतर काय घडले ते त्याने पाहावे. कारण ती आपल्याच उचलीची कहाणी आहे.

गुलाम मुक्त झाले, पण दक्षिणेतील जमीनदारांना स्वस्त हात हवेच होते. चाबूक गेला आणि त्याच्या जागी आगाऊ रक्कम आली. अलाबामा राज्याने असा कायदा केला की, आगाऊ पैसे घेऊन जो मजूर काम पुरे न करता व पैसे न फेडता निघून जाईल, त्याने आरंभापासूनच फसवणुकीचा हेतू धरला होता असे न्यायालयाने मानावे. आपल्या मनात काय होते हे सांगण्याची मुभाही त्या मजुराला नव्हती. लोन्झो बेली नावाच्या काळ्या मजुराने 15 डॉलर उचलले, महिना 12 डॉलर मजुरीने वर्षभर राबण्याचा करार केला आणि महिनाभराने तो काम सोडून गेला. त्याला 30 डॉलर दंड झाला. दंड व खटल्याचा खर्च भरता न आल्यास 136 दिवसांची सक्तमजुरी होती. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. जी वेठ घटना उघडपणे करू देत नाही, ती फसवणुकीच्या गुन्ह्याचा आडपडदा घेऊनही करता येणार नाही, हे त्या निकालाचे सार होते. आणि ज्यांच्या उदारमतवादाचे दाखले आजही दिले जातात, त्या न्यायमूर्ती होम्स यांनी या निकालाविरुद्ध मत नोंदविले! करार मोडणाऱ्याला राज्याने शिक्षा करण्यात गुलामगिरी आहे, असे त्यांना वाटले नाही.

होम्स यांचा हा युक्तिवाद आपल्या जिल्ह्यात गावोगाव ऐकू येतो. 'उचल घेतली ना? मग फेडायला नको का?'

आता ही उचल काय आहे ते पाहू. दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर या भागांतील गावे ओस पडतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता होतो. मुकादम कारखान्याकडून वा वाहतूकदाराकडून रक्कम आणतो आणि कोयत्याला हंगामापूर्वीच उचल देतो. मग पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, फडाशेजारच्या कोपीत राहून, पहाटेपासून तोडलेला प्रत्येक टन त्या उचलीत वळता होतो. एक दिवस काम चुकले की खाडा आणि खाड्याचा दंड. पट्टा पडला तरी हिशेब फिटत नाही, आणि उरलेली बाकी पुढील हंगामाला त्याच मुकादमाच्या दारात उभी करते. मध्येच कोणी निघून गेलाच, तर बैल ओढून नेणे, घरचे माणूस अडकवून ठेवणे आणि पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद देणे हे प्रकार जिल्ह्याला नवे नाहीत.

या खाड्याची किंमत स्त्रीने सर्वांत अधिक मोजली आहे. 2019 मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. जेथे पाळी आणि बाळंतपण हाही खाडाच धरला जातो, तेथे या शस्त्रक्रियांना निव्वळ वैद्यकीय प्रश्न म्हणणे ही लबाडी आहे.

आमचा कायदा याबाबत मुका आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेची घटना जवळून जाणणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या समितीच्या मसुद्यातून आलेले कलम 23 बेगार व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविते. घटनेच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हा आमचाच शब्द जसाच्या तसा लिहावा लागला! तेराव्या दुरुस्तीने गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीच्या श्रमाला वाट ठेवली. आमच्या कलमात ती पळवाट लिहिलेली नाही. हे कलम सरकारप्रमाणेच खाजगी मालकालाही बांधते आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही देखील सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले.

त्याआधी 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा झाला होता. देशाचे मूलभूत हक्क गोठवून, आपल्या साथींना तुरुंगात डांबून आणीबाणीच्या सरकारने तो केला, हा इतिहासाचा उपरोध आहे. पण कायदा खरा आहे आणि आजही जिवंत आहे. त्यान्वये वेठीचे कर्ज आपोआप रद्द होते, आणि हे कर्ज वेठीचे नव्हे असे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आहे. 1983 च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालाने तर, सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल असल्याचे न्यायालय गृहीत धरील, असे ठरविले. अलाबामाचे गृहीतक मजुराविरुद्ध होते, आमचे धन्याविरुद्ध आहे. प्रत्येक उचल वेठ ठरत नाही, हे मान्य. पण ज्या उचलीपायी माणसाचे काम सोडण्याचे व दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य बुडते, ती कायद्याच्या व्याख्येत सरळ बसते.

तरीही ठाणे अंमलदाराच्या टेबलावर 1911 पूर्वीचा अलाबामाच चालतो. दंड संहितेचे कलम 420 जाऊन 2024 मध्ये न्याय संहितेचे 318 आले, तरी फिर्याद तीच आणि आरोपीही तोच. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले, 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, हे स्वागतार्हच आहे. परंतु कल्याण ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू आहे. हक्क मागणाऱ्याच्या हातात असतो.

'उचल बंद केली तर मजूर खाणार काय?' असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. 1972 च्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले, तेव्हा मागेल त्याला काम हे तत्त्व राज्याने स्वीकारले होते. ते दिवाळीपूर्वीच्या चार महिन्यांत बीडमध्ये पाळले गेले असते, तर मुकादमाच्या दारात रांग लागली नसती.

म्हणून साथींनो, या हंगामापूर्वी तीन कामे हाती घ्या. कायद्याने जिल्ह्याला व उपविभागाला दक्षता समिती असलीच पाहिजे. तिच्या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागा. प्रत्येक कोयत्याची उचल, दर, टन आणि खाड्याची कपात वहीत लिहून ठेवा. आणि फसवणुकीची फिर्याद झाली, की 1976 च्या कायद्याची प्रत घेऊन मजुराबरोबर ठाण्यात जा व वेठीची चौकशी करण्याचा अर्ज त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.

बेलीचा खटला आपोआप वॉशिंग्टनला पोहोचला नव्हता. स्वतः गुलाम म्हणून जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी पडद्याआडून पैसा आणि वकील उभे केले, तेव्हा दुरुस्तीनंतर 46 वर्षांनी तो निकाल आला. आपले कलम 23 अमलात येऊन पाऊणशे वर्षे झाली. बीडच्या कोयत्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर आपण द्यावयाचे आहे.