ओठावर जर उठला? फोनवरचा डॉक्टर कामाचा, पण पहिल्याच दिवशी

ताप येऊन गेला किंवा चार दिवस उन्हातान्हात काम झालं, की काहींच्या ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात. आपण म्हणतो जर उठला, आणि तूप लावून सोडून देतो. हे काम हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या दर तिघांतल्या जवळपास दोघांच्या अंगात तो असतो. बहुतेक वेळा लहानपणीच शिरतो, नसांमध्ये दडून राहतो. त्यामुळे यात लाजायचं काही नाही.

फोड साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. मग डॉक्टर कशाला? ज्याला वर्षातून पाच-सहा वेळा होतं त्याला विचारा. असायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी त्रास कमी दिवसांवर येतो, पण ओठ चुरचुरायला लागताच, फार तर दोन-तीन दिवसांत त्या सुरू झाल्या तरच. खपली धरल्यावर घेऊन फारसा फरक पडत नाही.

आणि नेमका इथेच तालुका आडवा येतो. एसटीची वाट, दवाखान्यातला नंबर, बुडालेली मजुरी. मग माणूस मेडिकलमधून खाज-नायट्याची ट्यूब आणतो. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, म्हणजे विषाणूला मोकळं रान.

सरकारची ई-संजीवनी सेवा अशा दुखण्याला बरी. मोबाईलवर ओटीपी टाकून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं, तेही फुकट. रेंज नसेल तर गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी कॉल जोडून देतात. ते जागेवर हवेत, एवढंच. कॉल व्हिडिओचाच करा, ओठ उजेडात धरा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही हवी. नुसता व्हॉट्सॲपवर गोळीचं नाव आलं तर ती चिठ्ठी नव्हे. गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात.

पण सगळंच फोनवर भागवू नका. डोळ्याजवळ फोड, डोळा लाल, लहान मूल पाणीही पीत नाही, किंवा कॅन्सर-एचआयव्हीचे उपचार सुरू आहेत, तर थेट दवाखाना गाठा. तंबाखू-मिश्री खाणाऱ्यांचं तर वेगळंच. ओठावरची किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तो जर समजून बसू नका, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या. फोटो बघून ते ठरत नाही.

घरात बाळंतीण असेल तर फोड असलेल्या माणसाने बाळाचा मुका अजिबात घेऊ नये, मग ती आजी असली तरी. नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

वरचेवर जर उठत असेल, तर पुढच्या वेळेसाठी गोळ्या घरात ठेवू का, हे डॉक्टरांना त्याच कॉलवर विचारून घ्या.