शाल-श्रीफळ आणि तळटीप

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाचा एक गुण निर्विवाद आहे. आपल्यापैकी कोणी विद्वान मोठ्या पदास चढला, की त्याचे कौतुक करण्यात तो हात आखडता घेत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात त्या प्राध्यापकांचा सत्कार होतो, शाल पांघरली जाते, श्रीफळ दिले जाते, अध्यक्षांच्या मुखातून विशेषणांचा वर्षाव होतो, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या कचेरीस जातो. यात गैर काहीच नाही. सत्काराच्या भाषणात कोणी पुरावा मागत नसतो आणि मागूही नये.

तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची. हे भाषण आता सभागृहात थांबत नाही; ते महाजालावरील ज्ञानकोशात, म्हणजे विकिपीडियावर, जाऊन बसते. एखाद्या हयात प्राध्यापकाच्या चरित्राचे पान उघडावे, तो आरंभीच ‘थोर विचारवंत’, ‘ज्ञानतपस्वी’, ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे संशोधक’ अशी बिरुदे सामोरी येतात. पुढे पुरस्कार, अध्यक्षपदे आणि परदेशदौरे यांची यादी. परंतु या गृहस्थांनी नेमके काय शोधले, ते कोणत्या ग्रंथात वा निबंधात मांडले, त्यास कोणी मान्यता दिली आणि कोणी हरकत घेतली, याविषयी चकार शब्द नसतो. मग एखाद्या संपादकाने त्या बिरुदावलीपुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली, अथवा पानच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, की आपल्याकडे एकच ओरड होते: हा मराठी विद्वानांचा द्वेष आहे!

द्वेष वगैरे काही नाही. प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे आहे, की हयात विद्वानाचे चरित्र सुधारावयाचे म्हणजे त्यातील स्तुती काढून तिच्या जागी आधार ठेवावयाचा. हे जो करतो तो त्या विद्वानाचा मान राखतो. विशेषणे चढविणारा केवळ आपली हौस भागवितो.

ही गोष्ट इतरांस समजावून सांगावी लागेल. या मासिकाच्या वाचकांस, ज्यांचे आयुष्य सरकारी कचेरीत चालले आहे त्यांस, ती सांगण्याची गरज पडू नये. फाइलीवर टिपण लिहिताना आपण काय करतो? ‘अर्जदार अत्यंत कर्तबगार आहेत’ एवढे लिहून कोणी प्रकरण वर पाठवीत नाही. विधानाच्या बाजूस पत्रव्यवहाराचे पान द्यावे लागते, आधाराच्या कागदास पताका लावावी लागते, नियमाचे कलम सांगावे लागते. टिपण लिहिणारा कोणत्या गावचा आणि किती शिकलेला, याची वरच्या अधिकाऱ्यास फिकीर नसते. तो पताका उलटून पाहतो. विकिपीडियाची रीत नेमकी हीच आहे.

आपल्या जुन्या कोशांची रीत निराळी होती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशामागे स्वतः केतकर उभे होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, आणि त्या नावाची व संपादक मंडळाची पत नोंदीस तारण असते. विकिपीडियास असे तारण नाही. तेथे लिहिणारा बहुधा टोपणनावाने लिहितो. तो महापंडित असेल किंवा शाळकरी पोरही असेल. जेथे सहीस किंमत नाही तेथे पताकेवाचून दुसरे काय उरते? पानाच्या तळाशी दिलेली टीप ही तेथे शोभेची वस्तू नसून तीच लेखाची पत आहे.

नुसती विशेषणेच असती तर हसून सोडून देता आले असते. परंतु ज्या दारातून आधाराविना स्तुती आत येते त्याच दारातून आधाराविना निंदाही येते, आणि हयात माणसास तिचे फळ भोगावे लागते. २००५ साली जॉन सायगेनथॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणा अज्ञाताने लिहून ठेवले, की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता. हे धादांत असत्य सुमारे चार महिने तसेच राहिले. त्यानंतर विकिपीडियाने हयात व्यक्तींच्या चरित्रांविषयी कडक नियम केला: वादग्रस्त विधानास विश्वसनीय आधार नसेल तर चर्चेची वाट न पाहता ते काढून टाकावे, मग ते स्तुतीचे असो वा निंदेचे.

नियम झाला, तरी पहारा ठेवणारे हात हवेत. तानेर अक्चाम या तुर्की इतिहासकारांची गोष्ट पाहा. उस्मानी साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या संहारास वंशसंहार म्हणणारे हे विद्वान त्या वेळी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात होते. २००७ च्या फेब्रुवारीत व्याख्यानासाठी कॅनडात गेले असता माँट्रियलच्या विमानतळावर त्यांना काही तास अडवून ठेवण्यात आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, कारण विचारता अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे जो कागद ठेवला तो त्यांच्याच विकिपीडियावरील चरित्राची प्रत होती. आणि विरोधकांनी त्या चरित्रात त्यांना दहशतवादी ठरविले होते. एका सरकारी नोकराने एक आधारहीन मजकूर खरा मानला, आणि एका प्राध्यापकास त्याची किंमत मोजावी लागली. आपणही सरकारी नोकर आहोत. एखाद्या समितीवर नेमणुकीसाठी नावे सुचविताना परिचयाचे टाचण तयार करावे लागते, तेव्हा कारकुनाचा पहिला हात कोठे जातो, हे कचेरीत बसणाऱ्यास सांगावयास नको.

यावर काही वडीलधारे म्हणतात, की मग हयात माणसाविषयी लिहूच नये. चरित्र मरणोत्तर लिहावे हेच बरे. हा उपदेश ऐकावयास गंभीर आहे, पण निरुपयोगी आहे. ते पान आपण लिहिले नाही तर कोरे राहत नाही. दुसरा कोणी, बहुधा अतिभक्त किंवा अतिद्वेष्टा, ते लिहितो. शिवाय ज्या विद्यार्थ्यास आज मार्गदर्शक निवडावयाचा आहे, ज्या वाचकास आज त्यांचा ग्रंथ विकत घ्यावयाचा आहे, त्याने कोणाच्या मरणाची वाट पाहत बसावे काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तो असा, की विकिपीडियाचे नियम वृत्तपत्री प्रसिद्धीस अनुकूल आहेत. मुकाट्याने काम करणारा विद्वान त्यांच्या जाळ्यातून निसटून जातो. यास डॉना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण दिले जाते, आणि ते योग्यच आहे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठातील या भौतिकीच्या प्राध्यापिकेने झेरार मूरू यांच्यासह १९८५ साली लेसरचे अतिशय तीव्र आणि अतिशय अल्पकालिक स्पंद निर्माण करण्याची पद्धत मांडली. त्यांच्या चरित्राचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात विकिपीडियाच्या एका संपादकाने परत केला. दिलेल्या संदर्भांवरून ही व्यक्ती नोंदीस पात्र ठरत नाही, हे कारण. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मारी क्युरी आणि मारिया गोपर्ट-मेयर यांच्यानंतर हा मान मिळविणारी ती तिसरी स्त्री. सहकारी मूरू यांचे पान मात्र कितीतरी आधीपासून होते.

जगभर हसे झाले ते ठीकच झाले. पण कारकुनाच्या नजरेने हे प्रकरण तपासले तर काय दिसते? प्राध्यापकांसाठी विकिपीडियाचे स्वतंत्र निकष आहेत. त्यांत वृत्तपत्रातील प्रसिद्धीची अट नाही. आपल्या विषयावर ज्याच्या संशोधनाचा ठळक प्रभाव पडला, ज्यास अत्यंत प्रतिष्ठेचा विद्वत्सन्मान मिळाला, निवडक विद्वत्सभेचे सदस्यत्व मिळाले, मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च पद मिळाले, अशा निकषांपैकी एक सिद्ध झाला तरी पुरे. स्ट्रिकलंड २०१३ साली अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. एवढे एक कलम त्यांच्या नोंदीस पुरेसे होते. म्हणजे नियम होता. तो त्या प्रकरणास लावला गेला नाही. अशी फाईल आपल्या कचेरीत परत आली असती तर आपण काय केले असते? नियम मोडा असे म्हटले नसते. योग्य कलम दाखवून, पताका लावून, फाईल पुन्हा वर पाठविली असती. अन्याय झाला म्हणून आधाराची अटच उठवा, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ती अट उठल्यावर स्ट्रिकलंड यांच्यासारख्यांना न्याय मिळेलच असे नाही. सायगेनथॉलर यांच्यावर चिखल उडविणाऱ्यांचे मात्र फावेल.

आता आपल्या घरातील दोषाकडे वळू. आपल्या विद्वानांविषयी आधार मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण आधार आकाशातून पडत नाहीत, ते कोणी तरी लिहावे लागतात. मंडळाच्या स्मरणिकेत सत्काराचे छायाचित्र अर्धे पान घेते. त्याच प्राध्यापकांच्या ग्रंथाचे चार पानी परीक्षण छापावयास जागा मिळत नाही. छायाचित्राने फार तर शाल दिली गेली एवढे सिद्ध होते. ग्रंथात काय आहे, पूर्वसूरींहून त्यांनी निराळे काय म्हटले, ते पटते की नाही आणि का, हे एखाद्या त्रयस्थ जाणकाराने सही करून छापले, तर तो आधार होतो आणि पुढे पन्नास वर्षे उपयोगी पडतो. तेव्हा ज्ञानकोशाच्या संपादकांस दूषणे देण्यापूर्वी आपल्या मासिकांनी परीक्षणाचे सदर जिवंत ठेवले आहे की नाही, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट कटू वाटली तरी सांगितली पाहिजे. हे काम शिष्याने करू नये, जावयाने करू नये, आणि खुद्द त्या प्राध्यापकांनी तर मुळीच करू नये. आपला गोपनीय अहवाल आपणच लिहावा अशी सोय कोणत्याही कचेरीत नाही. घरच्या माणसास चूक दिसली तर तिला मार्ग आहे: लेखास जोडून चर्चेचे पान असते, तेथे आपले नाते उघड सांगून, आधार देऊन दुरुस्तीची विनंती करावी, निर्णय इतरांस घेऊ द्यावा. गेल्या वर्षी अशाच एका चरित्रातील एकोणीस ओळी मी वाचल्या. पैकी संशोधनाविषयी दोन होत्या. त्यांतील बिरुदे काढून ग्रंथांची नावे, प्रकाशनवर्षे आणि दोन परीक्षणांचे दाखले घातले, तर आठवड्याच्या आत कोणा चाहत्याने ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे’ हे शब्द पुन्हा आणून बसविले. दाखले मात्र नाहीसे झाले. सुदैवाने तेथे प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो, त्यामुळे काढलेले परत आणता येते. परंतु गुरूच्या ग्रंथांची नावे पुसून त्याची कीर्ती राखावयास निघालेल्या या भक्तीस काय म्हणावे?

मग करावे काय? बदलीच्या हुकुमाने आपण देशभर पांगलेलो आहोत, आणि यातच आपली सोय आहे. ज्या शहरात आपण आहोत तेथे विद्यापीठ असते, त्याचे ग्रंथालय असते. ज्याच्याशी आपले नाते नाही, स्नेह नाही, वैरही नाही, असा एक विद्वान निवडावा. तो मराठीच असावा असाही आग्रह नको. रविवारची सकाळ ग्रंथालयात घालवावी. त्यांचे प्रमुख ग्रंथ आणि त्यांवरील परीक्षणे काढावी. चरित्रातील प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारावा: याची पताका कोठे आहे? नसेल तर शोधावी. सापडली नाही तर वाक्य काढावे. संशोधन काय आहे ते सामान्य वाचकास कळेल अशा चार वाक्यांत सांगावे. गंभीर मतभेद छापील असतील तर तेही, ज्याचे त्याच्या नावाने, मापात सांगावे. घरचा पत्ता, मुलाबाळांची नावे, कोठे फारशी प्रसिद्ध न झालेली जन्मतारीख यांना हात लावू नये. ती त्या माणसाची खासगी मालमत्ता आहे. इंग्रजीत हे झाल्यावर मराठीतही लिहावे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच्या पानोपानी ‘संदर्भ हवा’ ही खूण दिसते, ती बाहेरच्या कोणी येऊन पुसावयाची नाही.

या कामास मानधन नाही, बढतीत त्याची नोंद होत नाही, आणि ज्यांच्यासाठी ते केले त्या प्राध्यापकांस आपले नावही कळणार नाही. सत्काराच्या सभेत पहिल्या रांगेत बसणाऱ्यांस ते रुचणार नाही हे उघड आहे. पण टिपणाखाली वरच्याची सही होते आणि खालच्याचे नाव कोणी विचारीत नाही, या शिस्तीत ज्यांची वर्षे गेली त्यांना यात नवे असे काय आहे? या गणेशोत्सवात शाल अवश्य द्या. मात्र ती घडी करून ठेवल्यावर त्या प्राध्यापकांचा एक तरी ग्रंथ उघडा, आणि त्यात काय आहे ते, पान क्रमांकासह, ज्ञानकोशात नोंदवा.