वैमानिकाचे वय आणि श्रमाचा हिशेब

प्रवासी विमानाच्या वैमानिकाने पासष्टाव्या वर्षी थांबावे की सदुसष्टाव्या, या वादाशी पेठसारख्या आदिवासी तालुक्यातील माणसाचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. ओझरच्या कारखान्यातले एखादे विमान डोक्यावरून जाते, तेवढाच येथल्या बहुसंख्यांचा विमानाशी संबंध. परंतु माणसाने किती वर्षे राबावे, ते कोणी ठरवावे आणि तो थांबल्यावर त्याचा भार कोणी उचलावा, हे प्रश्न या वादाच्या पोटात आहेत, आणि ते सर्व श्रमिकांचे आहेत.

वयाची रेघ वैद्यकशास्त्र ओढते, असा सार्वत्रिक समज आहे. अमेरिकेचा इतिहास वेगळे सांगतो. १९५९ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी तेथील विमान वाहतूक खात्याचे प्रशासक एलवूड क्वेसाडा यांना पत्र लिहून साठाव्या वर्षी निवृत्ती सक्तीची करण्याची विनंती केली. जेट विमाने नुकतीच आली होती; वयस्क वैमानिकांना ती शिकविण्यापेक्षा तरुणांना शिकविणे कंपनीला परवडणारे होते. १९६० मध्ये नियम लागू झाला. क्वेसाडा पुढे त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले, हेही नोंदवून ठेवावे. हा नियम सत्तेचाळीस वर्षे टिकला. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मर्यादा पासष्टावर नेली व दोघांपैकी एक वैमानिक साठीच्या आतला असावा अशी अट घातली; डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेनेही पासष्ट मान्य केले. २०१४ साली जोडीची ती अटही गेली. २०२३ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने सदुसष्ट मंजूर केले, पण २०२४ च्या अंतिम कायद्यात ते राहिले नाही. २०२५ मध्ये विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने तीच मागणी आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे नेली. तेथेही ती मान्य झाली नाही. वैमानिक महाग पडत होता तेव्हा साठ वर्षे पुष्कळ झाली होती; तो मिळेनासा झाला तेव्हा पासष्टही थोडी वाटू लागली.

मर्यादा वाढविण्याच्या बाजूने बोलणारे आपल्याकडे जे. आर. डी. टाटा यांचा दाखला देऊ शकतील. १९३२ साली त्यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले. त्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लहानशा विमानातून एकट्याने पुन्हा केला. हा पराक्रम निर्विवाद आहे. परंतु त्या विमानात प्रवासी नव्हते, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा उड्डाण करण्याचे वेळापत्रकही नव्हते. साठीनंतर दर सहा महिन्यांनी होणारी तपासणी आजचे आरोग्य सांगते. उद्याचा हृदयविकाराचा झटका सांगत नाही. प्राध्यापकाला वर्गात आकडा आठवला नाही तर फार तर विद्यार्थी हसतात. शेकडो जिवांची जबाबदारी असलेल्या व्यवसायात वयाची सरसकट रेघ काही धडधाकट माणसांवर अन्याय करते हे मान्य करूनही ती असावी, असे माझे मत आहे. ती सरकवायची असेल तर वैद्यकीय पुराव्यावर सरकवावी. माणसे कमी पडतात या सबबीवर नव्हे.

कारण ती टंचाई आकाशातून पडलेली नाही. थकलेल्या वैमानिकांच्या हातून अपघात होऊ नयेत म्हणून केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम केले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या उतरणी सहावरून दोन. कंपन्यांना तयारीस दीड वर्षाहून अधिक अवधी मिळाला. तरीही नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्यावर डिसेंबरच्या आरंभी देशातील सर्वांत मोठी कंपनी इंडिगो कोसळली. ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुरेसे वैमानिक आधी नेमलेच नव्हते. आणि शासनाने काय केले? काही नियमांतून त्या कंपनीला फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. जी व्यवस्था तरुण वैमानिकाला विश्रांती देऊ शकत नाही, तिने वृद्ध वैमानिकाला आणखी दोन वर्षे राबविण्याची भाषा करावी, हे संतापजनक आहे.

वयस्क थांबले की तरुणांना जागा मिळते, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात सहसा कच्चा ठरतो, कारण समाजातील एकूण काम ठरीव नसते. विमानसेवेत मात्र त्यात तथ्य आहे. तेथे ज्येष्ठतेची यादी असते, विमानात कप्तानाची खुर्ची एकच असते, आणि लाखो रुपयांचे कर्ज काढून परवाना मिळविलेला तरुण त्या यादीच्या तळाशी थांबलेला असतो.

आता याच विमानातील दुसऱ्या श्रमिकाकडे पाहा. मुंबईच्या एअर इंडियात हवाईसुंदरीला पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. चार वर्षांच्या आत विवाह केला किंवा पहिली गर्भधारणा झाली तर त्याआधीच. पंचेचाळिसापर्यंत मुदतवाढ देणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात सेवा करणारा पुरुष अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत राही. नर्गेश मीर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गर्भधारणेची अट आणि मर्जीचा अधिकार रद्द केला. चार वर्षांच्या विवाहबंदीला मात्र न्यायालयाने योग्य ठरविले, आणि त्यासाठी कुटुंबनियोजनाचाही आधार घेतला! त्याच एअर इंडियाने, आता खासगी मालकीत गेल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये वैमानिकांची मर्यादा अठ्ठावन्नवरून पासष्टावर नेली. इतर कर्मचाऱ्यांना साठ. ज्याची जागा भरणे कठीण, त्याचे तारुण्य लांबते.

ज्याची जागा भरणे सर्वांत सोपे, तो पेठ-सुरगाण्यात राहतो. घरचे नागली-भात पोटापुरतेही होत नाही, म्हणून ही माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर छाटणीला, विरळणीला, काढणीला जातात. काम बहुधा उक्ते असते. हात मंदावले की मुकादम पुढच्या खेपेस बोलावीत नाही. तीच त्यांची सेवानिवृत्ती. तिला तारीख नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही. महाराष्ट्र शासनाची श्रावणबाळ योजना आहे, पण ती पासष्टाव्या वर्षी सुरू होते. म्हणजे वातानुकूलित कक्षात बसून, सहामाही तपासण्या देऊन काम करणाऱ्या वैमानिकाला जे वय थकव्याचे मानले, तेच वय उन्हात ओणवे राहून छाटणी करणाऱ्या बाईलाही लावले आहे. २०२३ साली या योजनेची मदत दरमहा १,५०० रुपये झाली, परंतु कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांचीच राहिली. दिवसाला साठ रुपयेही होत नाहीत. मुलगा दोन महिने बागेवर गेला तरी म्हातारी अपात्र ठरावी, अशी ही अट आहे, आणि तलाठ्याने खोटा दाखला दिला तरच ती पाळता येते.

शेतमजुरांसाठी ही वयोमर्यादा साठावर आणावी आणि उत्पन्नाची अट काढून टाकावी, ही मागणी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांच्या ग्रामसभांनी ठराव करून तहसीलदारांमार्फत शासनाकडे पाठविली पाहिजे.