सुटीतला समुद्र : अलिबाग की दापोली?

उन्हाळी सुटी जवळ आली की वस्तीत घरोघरी एकच विषय निघतो. मुलांना समुद्र हवा असतो आणि आईबापांना खर्चाचा हिशेब जमवायचा असतो. सातपूर-अंबडचे कामगार असोत की महापालिकेतले आपले बांधव, सगळे आम्हाला हेच विचारतात. अलिबागला जावे की दापोलीला?

आपल्यातल्या कितीतरी जणांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर. अंगात पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, तासन्‌तास रांग आणि अभिवादन झाले की परतीची गाडी. तो दिवस मौजेचा नाही, हे बरोबरच आहे. पण म्हणून कष्टकऱ्याच्या पोरांनी समुद्रात पाय भिजवूच नयेत की काय?

सहल म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे काही वडीलधारी म्हणतात. मुलांची फी थकवून किंवा कर्ज काढून जाऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजेचा हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती १९४५ साली झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा रजा घेऊन लेकराबाळांसह चार दिवस विसावा घेणे ही चैन नव्हे, तो आपला हक्क आहे.

आता दोन्ही गावांचे पाहू. अलिबाग नाशिककरांना जवळचे. रेल्वेने मुंबई गाठावी, गेटवेहून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. पोरांना लाँचचीच मौज जास्त वाटते. मात्र पावसाळ्यात ती बंद असते. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. पण शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी उसळते आणि खोल्यांचे भाव चढतात. सोमवार-मंगळवार साधावा.

अलिबाग म्हणजे नुसते श्रीमंतांचे बंगले, असे समजू नका. जवळच्या चरी गावात खोतांविरुद्ध कुळांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर गेले.

दापोलीचा बाज वेगळा. गाव डोंगरावर, समुद्र खाली हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघरला. प्रवास लांबचा. कोकण रेल्वेने खेडला उतरून पुढे एसटीने जावे लागते. राहणे-खाणे साधे. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो.

दापोलीची माती तर आपलीच आहे. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर पेन्शनीनंतर इथेच राहिले. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर मुलाबाळांसह इथेच आले. माता रमाईचे वणंद गाव इथून जवळ आहे. रमाईचे वडील भिकू धोत्रे बंदरावरून माशांच्या टोपल्या वाहून संसार चालवीत. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. रस्त्याने गेलात तर वाटेत महाड लागते. २० मार्च १९२७ रोजी ज्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते तळे मुलांना दाखवता येते.

खर्चाचे म्हणाल, तर २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. नवराबायको, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले, तर अडीच तिकिटांत प्रवास होतो. दोन कुटुंबांनी मिळून जावे. वर्षभर भिशीसारखी थोडी थोडी रक्कम बाजूला टाकावी.

खेड्यात घरगुती खोली घेताना कधी गाव विचारतात, कधी आडनाव. सरळ सांगावे, आम्ही बौद्ध आहोत. कुणी तोंड वाकडे केले तर पुढचे दार पाहावे. नाव लपवून मिळवलेल्या खोलीत मुले काय शिकणार?

आणखी एक. घरातल्या बाईलाही सुटी द्या. तिथेही तिने स्टोव्हच पेटवायचा असेल, तर तिची सहल कसली? दोन वेळचे जेवण खाणावळीत घ्या. भरती-ओहोटीची वेळ कोळी बांधवांना विचारूनच पाण्यात उतरा. दारू पिऊन तर कुणीच उतरू नये. पंचशील घरी ठेवून सहलीला जायचे नसते.

आमचे मत विचाराल, तर हाती दोनच दिवस असतील आणि मूल लहान असेल तर अलिबाग गाठा. चार दिवसांची रजा मिळत असेल तर एकदा दापोलीच करा. एक दिवस वणंद-आंबडव्यासाठी ठेवा आणि उरलेले दिवस भाषण न देता मुलांना वाळूत सोडा. ज्या किनाऱ्यावर रमाईच्या वडिलांनी डोक्यावरून टोपल्या वाहिल्या, तिथे आपल्या लेकी रिकाम्या हातांनी, हसत धावतील. हेही बाबासाहेबांना अभिवादनच आहे.

जयभीम!