वाकडा भांग

गेल्या आठवड्यात एका कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनाचं परीक्षण करायला गेलो होतो. ‘फिगर’ विभागाचे प्रिंट टेबलावर मांडले गेले आणि चौथ्या-पाचव्या प्रिंटपाशीच काहीतरी खटकायला लागलं. कामात खोट नव्हती. खिडकीतून तिरपा आलेला उजेड, पाठीच्या कण्यालगत उतरत गेलेली सावली, कातडीचा पोत, सगळं मन लावून केलेलं. पण एका चित्रात चौकट हनुवटीशी संपत होती, दुसऱ्यात गळ्याशी, तिसऱ्यात थेट खांद्यांशी. निम्म्याहून जास्त बायकांना डोकंच नव्हतं.

त्यातल्या एका प्रिंटचा धनी तिथेच उभा होता. पंचविशीतला मुलगा. त्याला कारण विचारलं. “सर, चेहरा आला की बघणारा तिथेच अडकतो. मग शरीराची रेषा कुणी बघत नाही,” तो म्हणाला. जरा थांबून हळूच पुढे म्हणाला, “आणि तिनंच सांगितलं होतं, ओळखू येता कामा नये.”

दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दुसरं तर फारच खरं आहे. आपल्याकडे विवस्त्र बसणाऱ्या मॉडेलला घरमालक असतो, नातेवाईक असतात, नोकरी असते. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटातली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्गात मॉडेल म्हणून बसते आणि ती गोष्ट मुलापासूनच लपवते. तो चित्रपट २०१७ साली गोव्याच्या ‘इफ्फी’ चित्रपट महोत्सवातल्या भारतीय विभागासाठी निवडला गेला होता, पण केंद्रीय मंत्रालयानं त्याला ऐन वेळी वगळलं. म्हणजे चित्रातली यमुना लपूनच होती, आणि तिची गोष्टही काही काळ लपवली गेली. तेव्हा चेहरा दाखवाच, असं मी कुणाला सांगणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. चेहरा लपवतं कोण? ती, की चौकट?

त्या मुलाला मी एक चित्र दाखवलं. एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकारानं १९३६ साली कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाच्या घरी काढलेलं. समोर बसली आहे कॅरिस विल्सन, वय २२. वेस्टन तेव्हा पन्नाशीला पोचलेला. मागे दार उघडं आहे आणि आत मिट्ट काळोख. उंबरठ्याशी ती बसली आहे, पाय जवळ ओढून, हातांचा वेढा घालून, डोकं पार खाली झुकवून. चेहरा अजिबात दिसत नाही. दिसतो तो डोक्याचा वरचा भाग आणि केसांतला भांग.

मराठीत दारालाही चौकट असते आणि चित्रालाही. या चित्रात दोन्ही एकमेकींत बसल्या आहेत. दाराची चौकट काळी, तिच्यापुढे उन्हात उजळलेलं शरीर, आणि भोवती वेस्टननं आखलेली कागदाची कड. जागा तशी ऐसपैस नाही. तरीही ती कुठे कापली गेलेली नाही, सगळीच्या सगळी आत मावली आहे. तिनं स्वतःला एवढंसं करून घेतलं आहे म्हणून मावली आहे. मला या चित्रातला भाव तिथे दिसतो. थंडीत माणूस अंग चोरून बसतं, दुःखात बसतं, कधी नुसतं दमून बसतं. यातलं नेमकं काय, ते चित्र सांगत नाही. चेहरा दिसला असता तर आपण लगेच नाव दिलं असतं, उदास किंवा लाजरी, आणि मोकळे झालो असतो. इथे ते नाव मिळत नाही, म्हणून नजर पुन्हा खांद्यावर येते, हातांवर येते, बोटं किती घट्ट धरली आहेत ते बघते.

वेस्टनची कामाची पद्धत इथे सांगायला हवी. त्याचा कॅमेरा आठ बाय दहा इंच निगेटिव्हचा, तिपाईवर उभा करायचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेवर प्रतिमा बघायची, तीही खालचं वर झालेली. निगेटिव्ह कागदावर ठेवून त्याच मापाचा प्रिंट काढायचा. चौकट काचेवरच ठरवायची, नंतर अंधाऱ्या खोलीत कापाकापी करायची नाही, हा त्याचा शिरस्ता. म्हणून त्याच्या चित्राच्या कडेला जे आहे ते विचारपूर्वक आहे, असं धरूनच मी बघतो.

तरीही या चित्रात त्याच्या हातून निसटलेलं काहीतरी आहे. कॅरिसनं म्हातारपणी आपल्या वेस्टनबरोबरच्या वर्षांवर पुस्तक लिहिलं, ते १९९८ साली आलं. त्यात ती सांगते की तिच्या उजव्या दंडावरची सावली एडवर्डला कधीच पटली नाही, आणि तिला स्वतःला कधी पटला नाही तो तिचा वाकडा भांग आणि केसांतले आकडे. या चित्राची तिला सगळ्यात ठळक राहिलेली आठवण तर आणखी निराळी आहे. वेस्टन भिंग घेऊन प्रिंट न्याहाळतो आहे, कुठे जघनकेस तर दिसत नाहीत ना, हे पाहायला. अश्लील ठरू शकणारी चित्रं टपालानं पाठवायला अमेरिकेत १८७३ पासून कायद्यानं बंदी होती.

एकाच चित्राच्या या तीन आठवणी मला फार मोलाच्या वाटतात. छायाचित्रकाराला सावली बोचते, कायद्याला केस बोचतात आणि जिचं चित्र आहे तिला भांग बोचतो. माझं मत मात्र असं, की त्या भांगामुळेच हे चित्र जिवंत आहे. भांग सरळ असता, आकडे काढून ठेवलेले असते, तर ते एक सुरेख शिल्प झालं असतं. वाकडा भांग म्हणजे त्या सकाळी तिनं स्वतःच्या हातानं, बहुधा घाईत, केस बांधल्याची खूण. शरीर वेस्टननं रचलं असेल. भांग तिचा आहे.

याच वेस्टननं ११ वर्षं आधी, १९२५ साली मेक्सिकोत, अनिता ब्रेनर हिचं पाठमोरं चित्र काढलं होतं. तीही पुढे वाकली आहे. डोकं, हात, पाय, सगळं पाठीआड गेलेलं, आणि जे उरलं ते हुबेहूब नासपतीसारखं. त्या वळणाची सफाई नाकारता येत नाही, आणि छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचं स्थान पक्कं आहे. पण ही अनिता म्हणजे चार वर्षांनी मेक्सिकोच्या कलेवर गाजलेलं पुस्तक लिहिणारी, बोलकी, हुशार मुलगी. चित्रात तिचा मागमूस नाही. त्या फळाचं मला कौतुक वाटतं, पण त्याच्याबद्दल काळजी वाटत नाही. कॅरिसबद्दल वाटते.

म्हणून नुसतं ‘कापू नका’ हा नियम पुरत नाही. आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं जॉर्जिया ओ’कीफ या चित्रकर्तीची १९१७ पासून वीस वर्षांत तीनशेहून जास्त छायाचित्रं काढली. त्यांत कितीतरी नुसत्या हातांची आहेत, आणि तिथे काही तोडल्यासारखं वाटत नाही. ते हात चित्र काढणारीचे हात आहेत, ते आपल्याला कळतं. शिवाय पुढच्या चित्रात ती सरळ डोळ्यांत बघायला हजर असते. एकाच चौकटीत सगळं माणूस मावावं अशी त्यानं अपेक्षाच ठेवली नव्हती. आपल्या क्लबातल्या एकुलत्या एका प्रिंटला ती सवलत मिळत नाही.

आणि एक बाई अशी, जिनं कॅमेऱ्यामागची आणि पुढची, दोन्ही जागा स्वतः घेतल्या. लॉरा अगिलार, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात जन्मलेली. १९९६ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तिनं स्वतःची विवस्त्र चित्रं काढली. शरीर चांगलंच स्थूल. मोठमोठ्या धोंड्यांशेजारी ती पाठ करून, अंग गोळा करून बसते, आणि क्षणभर तीही त्यातलाच एक धोंडा वाटते. अनिताच्या चित्रासारखंच, डोकं दिसत नाही, शरीराची वस्तू होते. तरी ते चित्र बघताना माझा गळा दाटून येतो, कारण धोंडा व्हायचं तिनं ठरवलं आहे. ऐकलेल्या आणि लिहिलेल्या शब्दांशी तिला आयुष्यभर झगडावं लागलं. तिचं बोलणं तिनं कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. ज्या शरीराला सुंदर म्हणायला कुणी तयार नव्हतं, ते तिनं दगडांच्या पंगतीला नेऊन बसवलं, जिथे स्थूल-सडपातळ हा हिशेबच लागत नाही.

हे सगळं त्या मुलाशी बोलून झालं. बक्षीस त्याला मिळालं नाही, आणि ते मी मोकळेपणानं सांगितलं. वाद त्यानं घातला नाही, पण पटलंय असंही दिसलं नाही.

परवा रात्री त्याचा फोन आला. त्यानं त्याच मॉडेलबरोबर पुन्हा काम केलं होतं. या वेळी आधी तिला विचारलं, की चेहरा कसा लपवायचा ते तूच ठरव. ती म्हणे बराच वेळ नुसती बसून राहिली, मग स्टुलावर आडवी वळली आणि कपाळ भिंतीला टेकवलं. त्यानं चित्र पाठवलं. उजेड जरा जास्तच झालाय, डावा खांदा पांढरा फटक पडलाय. पण मान आहे, कानामागचा तीळ आहे, आणि मानेवर सैल अंबाडा.

“सर, अंबाड्यातून एक आकडा बाहेर आलाय,” तो म्हणाला. “तीळ तर मी काढतोच, त्यावरून कुणीही ओळखेल. पण आकडा? तोही काढू का?”

मी म्हटलं, “दोन्ही तिला विचार.”