भूत बाईचंच का?

ऑगस्ट २०२४ मधला, श्रावणातला रविवार होता. आमच्या बचत गटातल्या आम्ही अकरा जणी बोरीहून परभणीला ‘स्त्री २’ बघायला गेलो होतो. आता तुम्ही म्हणाल, श्रावणात पोथी ऐकायची सोडून भुताचा पिच्चर? पण मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, मला भुताचे सिनेमे फार आवडतात. लहानपणी माहेरी, सेलूला, गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणायचे. तिथं ‘झपाटलेला’ बघितला आणि पुढं महिनाभर मी एकटी परसात गेले नाही. तात्या विंचू पाण्याच्या टाकीमागं बसलाय असंच वाटायचं. आज दोन लेकरांची आई झाले, पण आवड काही सुटली नाही. घरचे हसतात. हसू द्या.

आमच्याकडं सिनेमा बघायचा म्हणजे परभणी गाठावी लागते. पूर्वी तेवढ्यासाठी कोण सोडतंय! पण मार्च २०२३ मध्ये एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याच वर्षी जूनअखेर ‘बाईपण भारी देवा’ आला. त्या वेळी पहिल्यांदा गावातल्या बाया नवऱ्याला न घेता, नट्टापट्टा करून, घोळक्यानं टॉकीजला गेल्या. एकदा वाट पडली की पडली! तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा आमचं जाणं होतं, आणि कुठला सिनेमा ते मी ठरवते. म्हणून आमच्या गटाला भुतं जरा जास्तच बघावी लागतात.

तर त्या दिवशी परतीच्या गाडीत नुसता धुडगूस. ‘स्त्री’चा २०१८ मधला पहिला भाग बऱ्याच जणींनी टीव्हीवर बघितलेला. त्यात चंदेरी गावातली भूत झालेली बाई रात्री पुरुषांना उचलून नेते. मग गावातले बाप्ये अंधार पडायच्या आत घरात, एकट्यानं बाहेर जायचं नाही, काहीजण तर जीव वाचवायला बायकांचे कपडे घालतात! ते बघून आमच्या बाया इतक्या का हसतात, हे त्यांच्या नवऱ्यांना कळत नाही. अहो, जन्मभर ऐकलेले नियम कुणीतरी दुसऱ्याला सांगतंय, त्याचं हसू आहे ते. दुसऱ्या भागात उलटं आहे. मुंडकं नसलेला सरकटा स्वतःच्या डोक्यानं चालणाऱ्या पोरी पळवतो आणि त्याच्या नादानं गावातले पुरुष बायकांना पुन्हा घरात कोंडतात. मला हा भाग जास्त भीतीचा वाटला, कारण त्यासाठी भुताची गरजच नसते. फक्त बाईच्या सन्मानाच्या सिनेमात तमन्नाचं ते नाचगाणं कशाला, हे मला कळलं नाही. तिकीट खपायला, दुसरं काय!

गाडी झरीच्या पुढं आली तशा बाया पेंगायला लागल्या. मागच्या सीटवरची एक काकू उठून माझ्याजवळ येऊन बसली. अख्ख्या सिनेमात ती हसली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही शिकलेल्या हाव. खरं सांगा, बाहेरचं लागतं का हो?”

मी म्हटलं, “कामून?”

तिच्या सुनेला बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. पाच-सहा दिवसांपासून पोरगी झोपतच नव्हती. रात्रभर बडबड, कोपऱ्याकडं बघून बोलणं, लेकराला जवळ घ्यायला नाही म्हणणं. ‘हे माझं नाही, बदललंय’ असं म्हणायची. मधेच हसायची. “केस सोडून बसायली ताई, डिट्टो त्या पिच्चरमधल्यावानी. माझ्या नणंदंनं देवऋषी सांगितलाय. पोळ्याच्या अमावस्येला धुरी देतो म्हनला.”

धुरी म्हणजे मिरच्यांची. बारा दिवसांच्या बाळंतिणीला.

मैत्रिणींनो, इथं मला थोडं थांबून भुतांविषयीच बोलायचंय. माझी आजी भुतांची सगळी वंशावळ सांगायची. पुरुष भुतांना मान केवढा! वेताळ म्हणजे राजा, त्याची पालखी निघते. ब्रह्मसमंध धन राखतो. मुंजा पिंपळावर राहतो, त्याला लोक शेंदूर लावतात. आणि बाया? बाळंतपणात गेली ती अळवंतीण. हडळ, जखीण यासुद्धा कुणी बाळंतीण मेलेली, कुणी मनातलं मनात ठेवून गेलेली, कुणी विहिरीत पडलेली. नावं ऐकत गेलं की वाटतं, ही भुतांची यादी नाहीच, आपल्या आज्या-पणज्या कशा मेल्या त्याची नोंदवही आहे. दवाखाना नव्हता, रक्त नव्हतं, सुईण होती ती पण वेळेवर मिळेलच असं नाही. बाई गेली. आणि गेल्यावर तिचीच भीती! २०१८ ते २०२० च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात लाख बाळंतपणांमागं माता दगावण्याचं प्रमाण ३३ वर आलं होतं. मग नव्या अळवंतिणी कमी झाल्या असणार, नाही का? सिनेमावाल्यांना मात्र अजून पुरतायत.

सिनेमातली हडळ पाहा. पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. हल्लीच्या सिनेमांत तिच्यावर आधी अन्याय झालेला दाखवतात, ही सुधारणा म्हणायची. पण अन्याय करणारे कुठं असतात? ते मागच्या गोष्टीत दोन मिनिटं दिसतात आणि जातात. बंदोबस्त होतो तो तिचा. तिची वेणी कापा, तिला कोंडा, तिला मुक्ती द्या. ज्यांनी मारलं त्यांना मंतरलेल्या दोऱ्यानं कुणी बांधत नाही.

याला अपवाद म्हणून मी विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ सांगेन. २०१७ चा मराठी सिनेमा. पूजा सावंत गरोदर आहे, नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एकाकी घरात येऊन राहते. उषा नाईक तिचं सगळं करते, तेल लावते, खाऊ घालते आणि आपल्या अंगावर काटा येत राहतो. शेवट सांगत नाही, पण भुतापेक्षा जिवंत माणसांची भीती वाटते आणि गोष्ट पोटातल्या मुलींची आहे एवढं सांगते. याच दिग्दर्शकानं तो २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला, पण मला मराठीच आवडला. ऊस आपल्या ओळखीचा आहे ना! आमच्या जिंतूर तालुक्यातली कितीतरी घरं दरवर्षी कोयता घेऊन तोडणीला जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, म्हणजे त्यालाही तेव्हा सतरा वर्षं झाली होती. असा सिनेमा बघताना भूत कुठं शोधायचं सांगा!

‘मुंज्या’ (२०२४) मी पोरासोबत मोबाइलवर बघितला. तो हसत होता, मी हसता हसता गप्प झाले. मुंज झालेला एक पोरगा, मोठ्या मुलीवर जीव जडला म्हणून स्वतःच्या धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो! मग भूत होऊन पुन्हा तोच हट्ट, लग्न लावा. त्या मुलीला काय पाहिजे हे विचारायचं त्याला सुचतच नाही. पोराला म्हटलं, बाळा, यात भूत महत्त्वाचं नाही, हट्ट महत्त्वाचा आहे. तो म्हणाला, “मम्मी, पिच्चर बघू दे ना.” असो. आया म्हणजे अशाच.

आणि ‘तुंबाड’! २०१८ मध्ये आला तेव्हा आमच्यापर्यंत पोचलाच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, तेव्हा लेकीनं नेलं. राही बर्वे यांचा हा सिनेमा प्रत्येक बाईनं बघावा असं मी म्हणणार नाही, किळस येते. पण त्यातला हस्तर मला विसरता येत नाही. त्याला सोनं मिळालं, धान्य मात्र मिळालं नाही, म्हणून तो कायम भुकेला. त्याला भुलवायला कणकेची बाहुली लागते. कणीक! आपल्या परातीतली! सगळ्या वाड्याच्या सोन्यापेक्षा तो गोळा त्याला मोलाचा. घरात दाणा नसला तर दागिन्याला काय किंमत, हे शेतकऱ्याच्या बायकोला कुणी शिकवायला नको. दुष्काळात कितीजणींची पोत सावकाराकडं गेली, ते आम्ही बघितलंय.

आता त्या काकूकडं वळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंना घेऊन मी तिच्या घरी गेले. मी कायदा सांगितला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नणंदेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कायदा शहरात. पिच्चरात दाखवतेतच की. ‘भूलभुलैय्या’त मंजुलिका मंत्रानंच बांधली नव्हं?”

आणि मैत्रिणींनो, आयुष्यभर बघितलेले सिनेमे त्या दिवशी माझ्या कामी आले. तिनं बघितला होता २०२२ चा दुसरा भाग. त्यात खरंच भूत आहे, तांत्रिक आहे, बंद खोली आहे. मी म्हटलं, “बाई, तुम्ही पहिला भाग बघा. २००७ चा.” त्यात विद्या बालन त्या नर्तकीसारखी वागते, बोलते, डोळे फिरवते, घरातले सगळे घाबरतात. पण भूत नसतंच! तिच्या मनाचा आजार असतो आणि तिला बरं करतो तो मानसोपचाराचा डॉक्टर. नाव एकच, मंजुलिका तीच, आणि पंधरा वर्षांनी त्याच सिनेमावाल्यांनी डॉक्टरला काढून तांत्रिकाला बसवलं. माझा राग आहे तो याच्यावर. भूत दाखवा, खुशाल घाबरवा, आम्ही पैसे देऊन घाबरायला येतो. पण एकदा आजार म्हणून सांगितलेली गोष्ट पुन्हा भूत करून कशाला सांगता? परभणीच्या टॉकीजमधून ती गोष्ट बोरीच्या माजघरात येते आणि तिथं एक बारा दिवसांची बाळंतीण बसलेली असते.

सासू गप्प होती. मग म्हणाली, “उतारा तरी करू द्या. मनाला लागून राहतंय.” इथं मी जे केलं ते काहींना पटणार नाही. मी म्हटलं, “लिंबू उतरवा, भाकर उतरवा, काय करायचं ते आज करा. धूर नाही, हात लावायचा नाही आणि उद्या पहिल्या गाडीनं परभणीला यायचं.” आमच्या एका कार्यकर्त्या मैत्रिणीनं यावरून मला नंतर सुनावलं, की तू अंधश्रद्धेला परवानगी दिलीस. दिली असेल. पहिल्या ‘भूलभुलैय्या’तला डॉक्टरसुद्धा शेवटी विक्रम गोखल्यांच्या आचार्याला सोबत घेतोच की! मला पोरगी दवाखान्यात पोचवायची होती.

डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणानंतरचा मनाचा आजार आहे. हजारात एक-दोघींना होतो, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, संशय येतो, नसलेले आवाज ऐकू येतात. यात आई स्वतःला किंवा बाळाला इजा करू शकते, म्हणून एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. आणि औषधानं तो बरा होतो. काकूला हे शेवटचं वाक्य दोनदा सांगावं लागलं. काही दिवस ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या आणि घरी गेल्यावर रात्री तिला झोपू द्या, बाळाला दुसऱ्या कुणीतरी सांभाळा, असं बजावलं. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबरही लिहून दिला, त्यावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो आम्ही अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घेतलाय. ‘स्त्री’मध्ये दारावर लिहितात तसं, असं आमची एक वात्रट सदस्य म्हणते.

दिवाळीनंतर एका दुपारी काकू सुनेला आणि बाळाला घेऊन आमच्या घरी आली. बाळ चांगलं गुबगुबीत झालेलं. तिला तो पहिला भाग बघायचा होता. मला जरा भीती वाटली, पोरीला त्रास तर होणार नाही ना? मी बंद करू का म्हणून दोनदा विचारलं. नको म्हणाली. विद्या बालन पलंग उचलते तिथं काकूनं डोळे झाकून घेतले, पण पोरगी बाळाला थोपटत टक लावून बघत होती.

“भ्या वाटलं का गं?” मी विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “तिला कुणी झोपूच दिलं नसंल, ताई.”

तेवढ्यात बाळ दचकून रडायला लागलं आणि काकू माझ्यावरच खेकसली, “आवाज कमी करा की त्या टीव्हीचा!”